लाईनची खबर

पिंपळदरा म्हणजे जामखेडकडून येणाऱ्या विजेच्या तारांचं शेवटचं टोक. वरच्या गावांनी मोटारी लावून ओढून घेतल्यावर जी काही उरायची ती लाईट इथं पोचायची, आणि पोचली तरी बल्बातली तार नुसती तांबूस व्हायची. म्हणून शहाण्णव साली नगरच्या एका संस्थेनं गावाच्या तिन्ही वस्त्यांना मिळून एक बॅटरीघर बांधून दिलं. एक खोली, छपरावर सोलरच्या प्लेटा, आत फळ्यांवर ओळीनं मांडलेले चोवीस मोठे सेल. तारांतून लाईट येईल तेव्हा आणि ऊन असेल तेव्हा सेल भरायचे. लाईट गेली की त्यांतूनच तिन्ही वस्त्यांना दिवे द्यायचे आणि बोअरची मोटार चालवायची. साठा एक, खाणारे तीन.

त्या खोलीची चावी सहादू साळवेकडे आली. सहादूनं उमेदीची सगळी वर्षं नगरला एका बॅटरीच्या दुकानात काढलेली. ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करून करून त्याच्या पँटींना ॲसिडनं चाळणी पडलेली असायची. सेलात पाणी किती घालावं, कुठला सेल दमलाय, कुठला खोटं दाखवतोय, हे त्याला झाकण उघडताच वासावरून कळायचं. मीटरच्या काट्याखाली त्यानं तांबड्या ऑइलपेंटची एक रेघ ओढून ठेवली होती. काटा रेघेला टेकला की तो तिन्ही वस्त्यांचे खटके पाडायचा. मग पाटलाचा मुलगा येऊ दे, नाहीतर सरपंच.

आणि ते यायचे. सहादूच्या बापाला ज्या टेकावरच्या वस्तीत आडाच्या दोराला हात लावू दिला नव्हता, त्याच वस्तीतली माणसं आता साळवेवस्तीत येऊन, सायकल भिंतीला टेकवून म्हणायची, "सहादूभाऊ, आज पाव्हनं हायेत. जरा उशिरा बंद करा." सहादू लगेच हो म्हणायचा नाही. "बगू, सेल काय म्हनत्यात," म्हणायचा. हे वाक्य उच्चारताना त्याच्या छातीत जे काही भरून यायचं, ते त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग कादर आला.

कादर शेख हा त्याच्याच वयाचा, शेखवस्तीतला. दोघं एका वर्गात नापास झालेले, एकाच दुकानात कामाला लागलेले. दुकानात मालक हाक मारायचा ती कादरला. पुढं कादर मस्कतला गेला. तिथल्या एका वीजघरात झाडलोट करता करता तो कंट्रोल रूममध्ये साहेबांच्या हाताखाली लागला आणि पंधरा वर्षांनी, गुडघे दुखायला लागले म्हणून, बायको खातूनसाठी एक भलामोठा टेपरेकॉर्डर घेऊन परत आला. आल्यावर पहिल्या आठवड्यातच तो बॅटरीघरात डोकावला. तांबडी रेघ बघून हसला.

"सहाद्या, ह्ये तर दिवा विझल्यावर तेल बघण्यासारखं झालं."

"म्हंजी?"

"म्हंजी काटा खाली आल्यावर तू जागा व्हतोस. आधी का न्हाई व्हत?"

सहादूला राग आला, पण कादरच्या बोलण्यात खोट काढता येईना. वस्त्यांची भांडणं रोजचीच होती. टेकावरचे लोक अंधार पडताच टीव्ही लावून बसायचे, शेखवस्तीत शिलाईच्या मशिनी चालायच्या, आणि साळवेवस्तीतली माणसं कामावरून येईपर्यंत काटा रेघेवर आलेला असायचा. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तरी सेल इतके रिते, की सकाळी मोटार चालायची नाही. म्हणजे रेघ पाळूनही कोणीच खूश नव्हतं.

संस्थेच्या इंजिनिअर दीपाताई महिन्याला जीपनं यायच्या. त्यांच्यासमोर सभेत कादर उभा राहिला. खडूनं त्यानं बॅटरीघराच्या भिंतीवर तीन चौकोन काढले.

"ह्यो आजचा, ह्यो उद्याचा, ह्यो परवाचा," तो म्हणाला. "उद्या ऊन किती, लाईन किती वाजता येनार, कुनाकडं लगीन हाय, कुनाकडं पाव्हनं हायेत, ह्ये आज इचारून घ्यायचं. मग तिन्ही दिवसांचा मेळ घालायचा. उद्या ढग असंल तर आज हात आखडता. उद्या लाईन भरपूर असंल तर आज सढळ. पन हुकूम फकस्त आजच्यापुरता. उद्या सकाळी भिंत पुसायची आन् परत नव्यानं तीन दिवस बघायचे."

"मग परवाचं कशाला बघायचं, जर रोज पुसायचंच?" टेकावरच्या बन्सीनं विचारलं.

"बैल हाकताना तू बैलाच्या पायाकडं बघतोस का वाटंकडं? लांबचं दिसतं म्हनून तर जवळचं पाऊल नीट पडतं."

लोक हसले. दीपाताईंना तर फार आनंद झाला. मोठ्या शहरांतली वीजघरं हेच काम कॉम्प्युटरवर करायला लागलीत, त्या म्हणाल्या, आणि तीन वस्त्यांच्या साठ्याला तर याची जास्तच गरज आहे. हिवाळाभर करून बघू. रोजचा हुकूम कादरभाई देतील. सेलांची निगा आणि लाईनची खबर सहादूभाऊंकडे, कारण वायरमन गहिनीनाथ त्यांचा दोस्त आहे आणि बाजारच्या दिवशी त्यांना भेटतोच.

सहादूनं मान हलवली. निगा आणि खबर. घरच्या कर्त्यानं सुनेच्या हातात किल्ल्या द्याव्यात आणि आपण ओसरीवर बसून राखण करावी, तसं त्याला वाटलं.

कादरचं जमलं. हेच सहादूच्या जिवाला लागलं. जमलं नसतं तर त्यानं मोठ्या मनानं मदतही केली असती. पण पहिल्या पंधरवड्यातच तिन्ही वस्त्यांत जेवणाच्या वेळेला दिवे राहू लागले, सकाळची मोटार चुकेनाशी झाली, आणि काटा तांबड्या रेघेच्या जवळसुद्धा फिरकेना. रेघ भिंतीवरच्या जुन्या इलेक्शनच्या खुणेसारखी नुसती राहून गेली. सायकली आता शेखवस्तीत, कादरच्या दारात लागू लागल्या. येताजाता लोक विचारायचे, "कादरभाई, उद्या कसं?" आणि कादर आभाळाकडं बघून, दाढी खाजवून, सांगायचा.

घरीसुद्धा सुटका नव्हती. भिमाबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अवं, कादरभाऊंनी सांगितलंय, उद्या ढग येनार. आजच दोन घागरी जास्ती भरून ठेवल्या म्या. मानूस कसा घरबसल्या सांगतो बगा."

"आभाळ कुनालाबी दिसतं," सहादू म्हणाला.

"दिसतं वं. पन सांगतं कोन?"

 पंचवीस वर्षांच्या संसारात भिमाबाईनं त्याच्या कामाचं असं कौतुक एकदाही केलेलं त्याला आठवेना. केलंही असेल, पण आठवेना. त्यानंतर तो बॅटरीघरात जाऊन सेलांची झाकणं पुशीत बसायचा. कादर आत आला की तो हूं-हां करायचा. कादर मस्कतची एखादी गोष्ट सांगायला लागला की सहादूला त्याचे दात दिसायचे, त्याचं घड्याळ दिसायचं, पण शब्द ऐकू यायचे नाहीत. हा पडावा. एकदा तरी, सगळ्यांच्या देखत, याचं चुकावं. याहून जास्त त्याला काही नको होतं.

मार्गशीर्षात बन्सीच्या मुलीचं लग्न निघालं. बन्सीनं कादरला येऊन सांगितलं, रविवारी रात्री मांडव, सोमवारी लग्न, दोन्ही दिवस माळा आणि कर्णे पाहिजेत. लग्नाच्या आधीच्या शनिवारी सहादू जामखेडच्या बाजाराला गेला. मिरच्यांच्या ढिगापाशी गहिनीनाथ भेटला. दोघांनी चहा घेतला.

"सहादू, कादरला सांग बरं का," गहिनीनाथ म्हणाला. "सोमवारपासनं तुमची लाईन बंद. घाटातल्या तारा बदलायच्यात. गुरुवारशिवाय काय लाईट यायची न्हाई."

"सांगतो की," सहादू म्हणाला.

आणि सांगायचंच त्याच्या मनात होतं. टेम्पोत मागं बसून येताना त्यानं ती खबर तोंडात घोळवलीसुद्धा. पण गावात उतरला तर बॅटरीघरापुढं माणसं जमलेली. मधे कादर, हातात खडू. बन्सी त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणत होता, "आमच्या पोरीचं लगीन उजळलं तर तुझ्यामुळं, कादर. ह्याच्या आधी काय, काटा खाली आला की अंधार." आणि सगळे हसले. कोणी सहादूकडे बघूनही हसलं नाही, इतका तो तिथं नव्हताच.

कादरनं त्याला बघितलं. "आलास? गहिनीनाथ भेटला का? लाईनचं काय म्हनला?"

"काय न्हाई," सहादू म्हणाला. "न्हेमीपरमानं."

एवढंच. पिशवी उचलून तो घराकडं निघाला, तेव्हा त्याचे कान गरम झाले होते आणि पाय हलके.

कादरनं नेहमीच्या लाईनीचा हिशेब धरला आणि लग्नाला सढळ हातानं वीज दिली. मांडव लखलखला. सोमवारी दुपारी अक्षता पडल्या तेव्हा लाईट नव्हती, पण त्याचं कोणाला काही वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत आली नाही, तरी कुठं तार तुटली असेल, सकाळी येईल, असंच सगळे म्हणाले. मंगळवारी सकाळी आभाळ दाटून आलं. थेंब नाही, वारा नाही, नुसतं करडं झाकण. प्लेटांवर ऊनच नव्हतं.

कादरनं भिंत पुसली, नवे चौकोन काढले आणि तिन्ही वस्त्यांचे दिवे बंद केले. फक्त मोटार ठेवली, पण तीही टाकीचा तळ ओला होईपर्यंतच चालली. बुधवारी मोटारीपुरतंही उरलं नाही. काटा तांबड्या रेघेवर आला. बॅटरीघरापुढं बाया घागरी घेऊन उभ्या राहिल्या, त्यांत भिमाबाईही होती. सोमवारपासून टाकी भरली नव्हती. ओढ्यातल्या झऱ्यावर उतरायचं म्हणजे निसरड्या खडकांची उतरंड, आणि वर येताना डोक्यावर दोन घागरी. आदल्या दिवशी लंकाबाई म्हातारी तिथं पडली होती. तिचा हात गळ्यात बांधलेला होता.

"मोटार लावतो," कादर म्हणाला.

"काटा रेघंवर हाय," सहादू म्हणाला. "त्येच्या खाली वढलंस तर सेल मरत्यात. परत भरत न्हाईत."

"ठाऊक हाय मला. पन भरायला लाईट येनार हाय ना? दोन दिस झाले, आज दुपारच्याला तरी यील. आली की लगेच भरून काढू. एवढ्या येळेला खाली गेले तर निभंल." कादरचा चेहरा उतरला होता. डोळे लाल होते. तो सहादूच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सहाद्या, तू सांग. सेल तुला कळत्यात. लाईट आज आली तर वाचतील ना?"

आज आली तर. सहादूला माहीत होतं, ती आज येत नाही. त्यानं तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर आला. तेवढ्यात मागून भिमाबाई म्हणाली, "लावा वं कादरभाऊ. तुमी बगून सवरूनच करताय."

सहादूनं तोंड मिटलं. "आज आली तर वाचतील," तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

मोटार चालली. टाकी भरली. काटा रेघेखाली गेला, तिथून आणखी खाली गेला, आणि सहादू त्याच्याकडं बघत उभा राहिला. अडीच वर्षं त्यानं तो काटा तिथं जाऊ दिला नव्हता. ते बघवत नव्हतं, पण त्यातच कुठंतरी गोडही लागत होतं.

लाईट गुरुवारी संध्याकाळी आली. सेल भरायला लावले, पण सहा सेल भरेनात. चार्जर लावला की तापायचे, काढला की रिकामे. ते सहा दमले की बाकीच्यांचंही बळ जायचं. पूर्वी रात्र निघायची, आता तास-दीड तास.

सभा भरली. टेकावरचे, ज्यांच्या घरचं लग्न उजळलं होतं, तेच सगळ्यात मोठ्यानं ओरडले. "भिंतीवर चौकोन काढून काय लाईट तयार व्हती का?" बन्सी म्हणाला. कादर म्हणाला, "हिशेब माझा हुता, चुकला."  दीपाताईंनी नाइलाजानं चावी परत सहादूच्या हातात दिली.

त्या रात्री सहादू पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी दारात दोन सायकली लागल्या. पण आलेली माणसं जुनं विचारत नव्हती. "सहादूभाऊ, उद्या कसं?" असं विचारत होती. सहादूनं आभाळाकडं बघितलं, दाढी खाजवली आणि म्हणाला, "बगू, सेल काय म्हनत्यात." माणसं एकमेकांकडं बघून निघून गेली. आठवडाभरात टेकावरच्यांनी अंधार पडताच टीव्ही लावायला सुरुवात केली, शेखवस्तीनं मशिनी आणखी आधी सुरू केल्या, कारण उशीर केला तर आपल्या वाट्याला काही राहणार नाही हे सगळ्यांनाच कळत होतं. साळवेवस्ती पुन्हा कंदिलावर आली.

मग एका सकाळी गहिनीनाथ खांबांवरची कामं बघत बघत सहादूच्या घरी आला. भिमाबाईनं चहा ठेवला.

"कादरचं लई वाईट झालं म्हनं," गहिनीनाथ म्हणाला. "पन त्यानं तरी असं का करावं? म्या तर शनिवारी बाजारातच सांगितलं हुतं की तुला, गुरुवारपातूर लाईट न्हाई म्हनून. तरी लग्नात येवढा लखलखाट?"

सहादू बशीतल्या चहाकडं बघत राहिला. चुलीपाशी भिमाबाईचा हात थांबला. गहिनीनाथ चहा पिऊन, पुढच्या गावाला जायचंय म्हणून निघून गेला.

 तिनं भांडी विसळली, चूल सारवली. मग ओल्या हातानंच म्हणाली, "म्या ओढ्यात उतरत हुते तवा तुमाला ठाऊक हुतं."

"भिमे..."

"लंकाबाई पडली तवाबी ठाऊक हुतं." एवढं बोलून ती घागर घेऊन बाहेर पडली.

सहादूला वाटलं होतं, उघडं पडलं तर ती आदळआपट करेल, माहेरी जाईन म्हणेल. त्याला तो तोंड देऊ शकला असता. पण ती पाठमोरी चालत गेली, आणि ती किती थकल्यासारखी चालते हे त्याला त्या दिवशी दिसलं.

तो शेखवस्तीत गेला. कादर अंगणात कोणाचातरी रेडिओ उघडून बसला होता. खातून गहू निवडत होती. सहादूला बघून ती "या भाऊ" म्हणाली आणि पाट सरकवला. तो बसला नाही. उभ्यानंच, एका दमात, त्यानं सांगितलं. शनिवारचं, आणि बुधवारचंही.

खातूनचं सूप थांबलं. कादरनं पेचकस खाली ठेवला आणि हळूहळू, गुडघ्यावर हात देत, उठला. सहादूला वाटलं आता मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माझ्यावर जळायचं हुतं ना, मग मला जाळायचं," कादर म्हणाला. आवाज चढत गेला. "सेलांनी तुझं काय घोडं मारलं हुतं? म्या तुला इचारलं, सहाद्या! सगळ्या गावात फकस्त तुला इचारलं!"

"तू आलास आन् मला कुनी इचारंना," सहादू म्हणाला. बोलून गेल्यावर ते त्यालाच केवढंसं वाटलं.

"मग? मस्कतला मला पंधरा वर्सं कोन इचारत हुतं?" कादर थुंकला. "मला सांगून काय उपेग? माझं नाव सभेत गेलंय. सभेत सांग."

दीपाताई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा सहादू सभेत उभा राहिला. त्यानं पोटातलं सगळं सांगितलं नाही. जळफळाट हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. पण लाईन बंद राहणार हे आपल्याला ठाऊक होतं आणि आपण मुद्दाम दडवलं, एवढं त्यानं तिन्ही वस्त्यांसमोर सांगितलं. गलका झाला. बन्सी म्हणाला, "हाकला ह्याला. असल्यांच्या हातात चावी दिली तवाच म्हनलं हुतं म्या." 'असल्यांच्या' या शब्दावर साळवेवस्तीतली माणसं ताडकन उठली.

"बस खाली, बन्सी," कादर म्हणाला. "गुन्हा त्याचा हाय, त्याच्या वस्तीचा न्हाई. आन् सहा सेल आजारी हायेत. तू बरं करतोस का त्यास्नी?" बन्सी बसला. "मलाबी येत न्हाई. नगरहून कुनी यायचं न्हाई. येतं ते फकस्त ह्यालाच. हिशेब माझ्याकडं, सेल ह्याच्याकडं. आन् लाईनची खबर आता गहिनीनाथनं थेट मला द्यायची." त्यानं हे सगळं सहादूकडं न बघता सांगितलं.

तसंच ठरलं. सहादू शिमग्यापर्यंत त्या सहा सेलांपाशी बसून होता. हळू चार्ज करायचा, रिते करायचा, पुन्हा हळू भरायचा. चार सेल उठले. दोन गेले ते गेलेच. संस्थेनं त्यांच्या जागी दुसरे पाठवले. कादर रोज सकाळी येऊन भिंतीवर चौकोन काढायचा, सेलांचे आकडे विचारायचा, सहादू सांगायचा. कामापलीकडं एक शब्द नाही. कादर त्याच्या घरी चहाला पुन्हा आला तो वर्षभरानं, तेही भिमाबाईनं रस्त्यात अडवलं म्हणून. आणि सहादूच्या मनातलं ते सगळं धुऊन निघालं, असंही झालं नाही. कोणी "कादरभाई, उद्या कसं?" म्हटलं की अजून आत काहीतरी चर्रकन व्हायचं. फक्त आता त्याला कळायचं, ते काय आहे.

पुढच्या वर्षी चैत्रात कादरला मुलीच्या बाळंतपणासाठी श्रीगोंद्याला जावं लागलं. जाताना त्यानं खडू सहादूच्या हातात ठेवला. "तीन दिवस बघ, आजचं ठरीव," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सहादूनं गहिनीनाथला गाठून लाईनचं विचारलं, तिन्ही वस्त्यांत फिरून पाहुण्यारावळ्यांची चौकशी केली, आणि भिंतीवर चौकोन काढले.  उद्या लाईन फार थोडा वेळ राहणार होती. आजच टाकी काठोकाठ भरायला हवी होती आणि टीव्ही लवकर बंद व्हायला हवे होते. बन्सी सायकलवरून उतरला, भिंत बघितली, मग सहादूकडं बघितलं.

"ह्ये कुनी ठरीवलं?"

 हे आपण ठरवलंय, हे सांगायला सहादूचा जीव तुटत होता. बन्सीच्या मागं आणखी चारजण येऊन थांबले होते, बाया घागरी घेऊन उभ्या होत्या, आणि त्यानं स्वतःचं नाव सांगितलं असतं तर निम्म्यांनी ऐकलं नसतं.

"कादरनं सांगून ठेवलंय," तो म्हणाला.

"मग ठीक हाय," बन्सी म्हणाला आणि ओरडला, "ए, पानी भरून घ्या गं आजच."

सहादूनं मोटारीचा खटका वर केला.